बाटलीतले बुडबुडे आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, पण आठव्या महिन्यातले दगावते, असे बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत अनेक घरांतली वडीलधारी माणसे आजही सांगतात. त्यामागची भीती खरी आहे, मात्र हिशेब उलटा आहे. आईच्या पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांच्या कामी येतो, आणि म्हणूनच आठव्या महिन्यातले बाळ श्वासाच्या बाबतीत सातव्यातल्यापेक्षा अधिक तयार असते. या समजुतीपायी एखाद्या घराने आठव्यातल्या बाळाची आशा आधीच सोडली, तर ज्याला वाचवणे तुलनेने सोपे असते त्याच्याकडेच दुर्लक्ष होईल. २०२० या एका वर्षात भारतात सुमारे तीस लाख बालके ३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मली, आणि त्यांतल्या फार लवकर आलेल्या बाळांपुढची पहिली अडचण श्वासाची होती. तिच्यावरचा एक साधा उपचार म्हणजे बबल सीपॅप, आणि शीर्षकातले बुडबुडे त्याचेच.

फुप्फुसांत हवेचे लक्षावधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि त्यांच्या भिंती आतून ओलसर असतात. दुधाची रिकामी पिशवी विसळल्यावर तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना कशा चिकटून बसतात, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. पाण्याचा हा पृष्ठताण वायुकोशांनाही मिटवू पाहतो, आणि वायुकोश जितका लहान, तितकी त्याची मिटण्याची ओढ जास्त. ही ओढ कमी करण्यासाठी फुप्फुसांतल्या विशिष्ट पेशी साबणासारखे काम करणारा एक स्निग्ध पदार्थ तयार करतात, त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो गर्भाच्या साधारण चोविसाव्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो, पण पुरेसा साठा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे उजाडतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे वायुकोश प्रत्येक उच्छ्वासानंतर मिटतात आणि पुढच्या श्वासाला ते नव्याने उघडावे लागतात. फुगा फुगवताना पहिली फुंकर सर्वांत जड जाते. या बाळाला तशी पहिली फुंकर मिनिटाला साठ-सत्तर वेळा मारावी लागते, आणि काही तासांत ते थकून जाते.

या आजाराचे मूळ सरफॅक्टंटच्या अभावात आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. तरीही १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच आजाराने ३९ तासांत गेला. त्याचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. आज चिकोडीत किंवा गोकाकात या वजनाचे आणि इतक्या दिवसांचे बाळ जन्मले, आणि ते वेळेत योग्य जागी पोहोचले, तर त्याच्या वाचण्याची आशा डॉक्टर सहसा सोडत नाहीत.

या बदलाची एक खूण बाळाच्या आवाजातच होती. श्वास जड झालेले नवजात बाळ कण्हल्यासारखा आवाज काढते. तो आवाज वेदनेचा नसतो. उच्छ्वास बाहेर सोडताना बाळ आपला कंठ अर्धवट बंद करते, त्यामुळे थोडी हवा आत अडून राहते आणि वायुकोश पूर्ण मिटत नाहीत. म्हणजे ते इवलेसे शरीर स्वतःच्या आजारावर स्वतःच उपाय शोधत असते. सॅन फ्रान्सिस्कोचे जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांचे सहकारी यांनी हेच काम बाहेरून करून दिले. श्वास घेताना आणि सोडतानाही हवेचा हलका दाब सतत राहील, अशी सोय त्यांनी केली. तिलाच सीपॅप म्हणतात. १९७१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अनुभवात वीस बालकांपैकी सोळा वाचली होती.

या उपचाराचे सर्वांत साधे रूप म्हणजे बबल सीपॅप. हवा आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण कोमट आणि दमट करून एका नळीने बाळाच्या नाकाजवळ आणतात. नाकपुड्यांत दोन मऊ, आखूड नळ्या बसवतात. बाहेर जाणाऱ्या हवेची दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवतात, आणि सगळी किमया याच टोकाला आहे. नळी पाण्यात पाच सेंटिमीटर खोल असेल, तर तेवढे पाणी बाजूला सारल्याशिवाय हवेला बाहेर पडता येत नाही, त्यामुळे नळ्यांपासून बाळाच्या फुप्फुसांपर्यंत सगळीकडे निदान तेवढा दाब टिकून राहतो. दाब वाढवायचा तर नळी एक-दोन सेंटिमीटर आणखी खाली सरकवायची. येथे दाब मोजण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नसते, कारण पाण्याची खोली हेच मोजमाप असते.

बुडबुडे चालू आहेत म्हणजे दाब आहे. ते थांबले, तर नाकातली नळी निसटली आहे, बाळाचे तोंड उघडे पडून हवा तिथून जाते आहे, एखादा जोड सुटला आहे किंवा हवेचा पुरवठाच बंद झाला आहे. ही खूण वाचायला कोणतीच भाषा लागत नाही, आणि ज्या वॉर्डात सिस्टर कन्नड बोलतात आणि खाटेवरची आई मराठी, तिथे हे मला फार मोलाचे वाटते. ‘बुडबुडे थांबले की लगेच हाक मारा’ एवढे सांगितले, तर आईसुद्धा या पहाऱ्यात सामील होऊ शकते. अर्थात तिच्या भरवशावर परिचारिकेची जागा रिकामी ठेवता येणार नाही.

कारण यंत्र साधे असले, तरी काम सोपे नाही. नाकातल्या नळ्या घट्ट बसल्या तर दोन नाकपुड्यांमधल्या नाजूक पडद्याला जखम होते, सैल बसल्या तर दाब राहत नाही. हवा पोटात जाऊन पोट फुगते, म्हणून तोंडातून पोटात एक नळी घालून तिचे टोक उघडे ठेवावे लागते. दमटपणा कमी पडला की नाकातला स्राव सुकून वाट बंद होते. छाती किती आत ओढली जाते, नाकपुड्या किती फुलतात, कण्हणे वाढले की कमी झाले, हे पुन्हा पुन्हा पाहावे लागते. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यात झाड पडून वीज गेली, तर हवेचा पंप, ऑक्सिजनचे यंत्र आणि हवा गरम करणारे भांडे या सर्वांचे काय करायचे, हेही आधीच ठरलेले असावे लागते.

याचा पुरावा मलावी या आफ्रिकेतल्या गरीब देशातून मिळाला आहे. तिथल्या ब्लँटायर शहरातल्या मोठ्या रुग्णालयात माशांच्या टाकीच्या पंपावर चालणारे स्वस्त बबल सीपॅप वापरले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार, श्वासाचा तीव्र त्रास असलेल्या नवजात बाळांपैकी केवळ ऑक्सिजन मिळालेली शंभरांत ४४ वाचली, तर सीपॅप मिळालेली ७१. याच देशातल्या एका जिल्हा रुग्णालयात मात्र एक महिना ते पाच वर्षे वयाच्या, गंभीर न्यूमोनिया झालेल्या मुलांवर, डॉक्टरांची सतत देखरेख नसताना बबल सीपॅप वापरून पाहिले, तेव्हा साध्या ऑक्सिजनपेक्षा त्या गटातली अधिक मुले दगावली. वय वेगळे, आजार वेगळा, म्हणून दोन्ही निष्कर्षांची थेट तुलना करू नये. पण तालुक्याच्या रुग्णालयाला यंत्र भेट देऊन फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने हा दुसरा अभ्यास वाचावा, असे मला कळकळीने वाटते. यंत्रासोबत दिवस-रात्र पाळीला प्रशिक्षित परिचारिका आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर नसतील, तर बाळाला वेळेत बेळगावला पाठवणे अधिक शहाणपणाचे.

बाळ जन्मण्यापूर्वीही बरेच काही करता येते. वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाची इंजेक्शने दिली, तर गर्भाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. जागतिक आरोग्य संघटनेने बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान या देशांत घेतलेल्या मोठ्या चाचणीत बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग होता. २०२० मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत, औषध न मिळालेल्या गटात शंभरातली २३.५ नवजात बालके दगावली, तर औषध मिळालेल्या गटात १९.६. ही चाचणी २६ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यानच्या गर्भारपणापुरती होती, त्यामुळे दिवस नेमके किती भरले आहेत हे ठाऊक असणे आवश्यक ठरते. आमच्याकडे पाळीची तारीख विचारली की ‘दसऱ्यानंतरच्या आठवड्यात’ किंवा ‘नागपंचमीच्या आधी’ असे उत्तर मिळते. ते चुकीचे नसते. आशाताईंनी ते कालनिर्णयावर पाहून लगेच कार्डावर लिहिले आणि सुरुवातीच्या महिन्यांतच सोनोग्राफी झाली, तर पुढे ऐनवेळी डॉक्टरांचा निर्णय सोपा होतो.

जन्मानंतर बाळाला ऊब मिळाली नाही, तर श्वासाचे कष्ट आणखी वाढतात. ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ हे वाक्य आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचे आहे, पण आईची छाती ही पेटीइतकीच उत्तम जागा आहे. भारतासह पाच देशांत एक ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवण्याची पद्धत तपासली गेली, तेव्हा मृत्यू शंभरात १५.७ वरून १२ वर आले. सीपॅपच्या नळ्या लावलेल्या बाळालाही, प्रशिक्षित माणूस जवळ असल्यास, असे ठेवता येते.

राहिला ऑक्सिजन. तो कमी पडला तर जीव जातो आणि जास्त झाला तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतला पडदा बिघडू शकतो. १९४० आणि १९५० च्या दशकांत सढळ हाताने दिलेल्या ऑक्सिजनमुळे जगभरात हजारो मुले आंधळी झाली. म्हणून सीपॅपमध्ये निव्वळ ऑक्सिजन न देता त्यात हवा मिसळतात आणि रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखतात. तरीही चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे लागतात, आणि फारच लहान बाळांचे त्याहून आधी. तोवर बाळ घरी आलेले असते, दूध ओढू लागलेले असते. खानापूरच्या बाजूला भाताच्या लावणीचे दिवस असले, तर घरातल्या कोणालाही सवड नसते. म्हणून घरी सोडतानाच त्या तपासणीची तारीख कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी, आणि आशाताईंनी ती आदल्या दिवशी आठवण करून द्यावी, कारण पडदा बिघडत असल्याचे दिसले तर लेझरचा उपचार पुढच्या दोन-तीन दिवसांतच करावा लागतो.