अभियांत्रिकीची फी: ‘डोनेशन’पासून ‘वाजवी शिल्लक’पर्यंत

अभियांत्रिकीची फी किती असावी, हा महाराष्ट्रातला वाद १९८३च्या मागे फारसा नेता येत नाही. त्याआधी अभियांत्रिकीच्या जागा मोजक्या आणि फी नाममात्र. प्रवेश हुकला की ज्यांना झेपे ते डोनेशन भरून कर्नाटक गाठत. त्या वर्षी राज्य सरकारने खासगी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि साखर कारखाने चालवणाऱ्या मंडळींनी माळरानावर इमारती उठवल्या. चारच वर्षांत, १९८७ साली, कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठीच्या डोनेशनवर, बंदीचा कायदा करावा लागला, यातच काय ते आलं.

खरा घोळ आहे तो ‘फी’ या शब्दाचाच. कायद्याने डोनेशनला बंदी घातली, पण मग योग्य फी कोणती? यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली निकाल दिला; त्यामागचं प्रकरण कर्नाटकातल्या वैद्यकीय प्रवेशाचं होतं. तिथे सरकारी जागेला वर्षाला २ हजार, खासगी कॉलेजात राज्यातल्या विद्यार्थ्याला २५ हजार आणि परराज्यातल्याला ६० हजार रुपये असे दर होते. न्यायालयाने ही जादा रक्कम म्हणजे कॅपिटेशनच ठरवली. पुढच्याच वर्षी भूमिका सौम्य झाली: निम्म्या जागा ‘फ्री’, निम्म्या ‘पेमेंट’. पेमेंटवाल्याने स्वतःचा आणि शेजारच्या बाकावरच्याचाही खर्च उचलायचा. फ्री सीट पटकावणारी मुलं बहुधा चांगल्या शाळांतली, सुस्थितीतली. पेमेंट भरायची वेळ यायची ती गावाकडच्यांवर. हा उलटा न्याय २००२च्या अकरा न्यायाधीशांच्या निकालातही नोंदला गेला आणि ती योजना मोडीत निघाली.

त्याच निकालाने नवा शब्द दिला. नफेखोरी नको, पण संस्थेच्या विस्तारासाठी ‘वाजवी शिल्लक’ चालेल. वाजवी म्हणजे किती, हे सांगायचं काम २००३पासून निवृत्त न्यायाधीशांच्या समित्यांकडे आलं. राज्याने २०१५मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. हिशेबाची पद्धत ढोबळमानाने अशी: कॉलेजचा खर्च, भागिले विद्यार्थी. खर्चात मोठा वाटा पगारांचा. कागदावरचा पगार आणि हातात पडणारा पगार वेगळे असतात, ही प्राध्यापकांची तक्रार जुनी आहे. पण माझ्या मते मोठी अडचण त्याहून साधी आहे. हा सगळा हिशेब कॉलेजला काय पडतं याचा आहे, मुलाला पुढे काय मिळतं याचा नाही. त्यामुळे ‘एवढी फी वसूल होईल का?’ हे विचारणाऱ्या बापाला त्या आकड्यातून काहीच कळत नाही.

मधल्या काळात पैसे भरण्याची रीतही बदलली. २००१च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेने ४ लाखांपर्यंत तारण न घेता कर्ज देण्याची वाट काढली. जमीन विकण्याऐवजी हप्ता आला. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराची सवलत, मग फेड सुरू. पहिल्या नोकरीचा पगार आणि हप्ता समोरासमोर ठेवल्यावर ‘परवडतं का’ हा प्रश्न घरोघर खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्यातच २०१०नंतर जागा ओस पडू लागल्या, काही कॉलेजांनी शाखा बंद केल्या, काहींनी टाळंच लावलं.

आताचा टप्पा शिष्यवृत्त्यांचा. वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना निम्मं शिक्षण शुल्क परत मिळत होतं. २०२४-२५पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींसाठी ते पूर्ण माफ झालं, परीक्षा शुल्कासकट. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला काही नाही. माझ्या भाचीच्या पावतीवर शिक्षण शुल्कासमोर शून्य होतं. त्याखाली विकास शुल्क, अनामत, जिमखाना, बस. वसतिगृह आणि मेसची पावती वेगळी फाडली होती.