विषयवर्ग व बीजशब्द (लेखविक्रीतील)

विषयवर्ग व बीजशब्द : मुक्त लेखक आपला तयार लेख आंतरजालावरील लेखबाजारात विक्रीस ठेवतो, तेव्हा त्या लेखाला नेमून दिलेला विषयाचा कप्पा म्हणजे विषयवर्ग, आणि ग्राहकाने शोधचौकटीत शब्द टाकल्यावर लेख त्याच्यापुढे यावा म्हणून जोडलेले शब्द म्हणजे बीजशब्द. व्यवहारात कॅटेगरी व कीवर्ड हीच नावे रूढ आहेत. कॉन्स्टंट कंटेंटसारख्या बाजारांत लेखक स्वतः किंमत लावून वापरहक्क किंवा पूर्ण हक्क विकतो. पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाला मथळा, सारांश व जेमतेम एखादा उतारा दिसतो. त्यामुळे लेख कितीही चांगला असला, तरी तो सापडणे हे या दोन निवडींवरच बरेचसे अवलंबून असते.

बीजशब्दांचे मूळ संगणकयुगात शोधण्याचा प्रघात आहे. तो पूर्णतः ग्राह्य मानता येत नाही. बायबलमधील शब्दांच्या स्थळसूची तेराव्या शतकात तयार होऊ लागल्या होत्या, मात्र त्या एकाच ग्रंथापुरत्या होत्या. ग्रंथसूचीत ग्रंथाच्या मथळ्यातील महत्त्वाचा शब्द उचलून त्याखाली नोंद करावी, ही कल्पना मूळचे इटालियन व पुढे मँचेस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम केलेले आंद्रेआ क्रेस्टाडोरो यांनी 1856 मधील एका पुस्तिकेत मांडली. यंत्राच्या साहाय्याने अशी सूची करण्याचे श्रेय सामान्यतः आयबीएम या संगणक कंपनीतील हान्स पीटर लून यांना दिले जाते. तथापि 1958 च्या सुमारास हर्बर्ट ओल्मन यांनीही मथळ्यातील शब्दांची अदलाबदल करून सूची बनवली होती, आणि अग्रमान कोणाचा याविषयी मतभेद आहेत. दोघांचे काम स्वतंत्रपणे व जवळजवळ एकाच वेळी झाले, हे मत अधिक संभवनीय वाटते. कल्पनेचे जनकत्व मात्र क्रेस्टाडोरो यांच्याकडेच जाते.

विषयवर्गाची परंपरा याहून सरळ आहे. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांची ग्रंथवर्गीकरणाची दशांश पद्धती व चार्ल्स कटर यांचे तालिकीकरणाचे (ग्रंथांची सूची करण्याचे) नियम दोन्ही 1876 मधले. कटर यांचा विशिष्ट नोंदीचा नियम, म्हणजे ग्रंथ त्याला सामावणाऱ्या मोठ्या वर्गाखाली न घालता त्याच्या नेमक्या विषयाखाली घालावा, हा लेखविक्रेत्यालाही तंतोतंत लागू पडतो. मोठ्या वर्गात ग्राहक अधिक, म्हणून लेख तेथेच ठेवावा, असे सांगणारेही आहेत. पण तेथे गर्दीही तितकीच असते, हे ते विसरतात.

बीजशब्द निवडण्यास भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांची 1933 मध्ये प्रसिद्ध झालेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती विशेष उपयोगी आहे, जरी लेखविक्रेते तिचे नाव क्वचितच घेतात. तिच्या पुढील आवृत्त्यांत व्यक्तित्व (मुख्य विषयवस्तू), पदार्थ, ऊर्जा (क्रिया), अवकाश (स्थळ) व काळ असे विषयाचे पाच पैलू स्पष्ट झाले. उदाहरणार्थ, बर्फाळ प्रदेशातील हिवाळ्यात कुत्र्याच्या पंजांची निगा कशी राखावी, यावर लेख आहे. येथे कुत्रा हे व्यक्तित्व, पंजा हा त्याचाच दुसरा स्तर (म्हणजे त्याचा भाग), निगा ही ऊर्जा, बर्फाळ प्रदेश हा अवकाश आणि हिवाळा हा काळ होय. पदार्थाचा पैलू रिकामा राहतो, आणि तो ओढूनताणून भरू नये. हे पैलू जोडून बीजशब्द करावा: नुसता ‘कुत्रा’ हा शब्द शेकडो लेखांना लागू पडतो, तर ‘हिवाळ्यात कुत्र्याच्या पंजांची निगा’ ही शब्दावली थोड्यांनाच. वर्ग निवडताना ‘आरोग्य’ व ‘पाळीव प्राणी’ यांत संभ्रम पडल्यास लेख कोण घेणार ते पाहावे: येथे ग्राहक बहुधा प्राण्यांच्या वस्तू विकणारा दुकानदार किंवा पशुवैद्य असणार, आणि तो ‘पाळीव प्राणी’ याच वर्गात डोकावेल.

ग्राहकाला लेख सापडावा म्हणून जोडलेले बीजशब्द आणि लेखाच्या मजकुरात शोधयंत्रासाठी पुनःपुन्हा पेरलेले शब्द यांची गल्लत वारंवार होते. गूगलने 2000 मध्ये बीजशब्दांवर आधारित जाहिराती सुरू केल्यानंतर दुसऱ्या प्रकाराला पैशाचे मोल आले व शब्दांची टक्केवारी ठरवून लेख मागवले जाऊ लागले. संकेतस्थळाच्या पानाच्या छुप्या (वाचकाला न दिसणाऱ्या) खुणांतील बीजशब्द क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गूगलने 2009 मध्ये जाहीर केले, आणि फेब्रुवारी 2011 मधील शोधक्रमवारीच्या ‘पांडा’ नावाच्या बदलाने निकृष्ट मजकुराची संकेतस्थळे खाली ढकलली. पहिल्या प्रकाराचे महत्त्व त्यामुळे घटले नाही. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेवर स्वतः पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्याला आजही बीजशब्दांसाठी 7 चौकटी मिळतात, आणि 2023 पासून 3 विषयवर्ग निवडता येतात.

मराठी मजकुराबाबत दोन अडचणी संभवतात. सामान्यरूपामुळे ‘पाऊस’ हा शब्द ‘पावसाचे’, ‘पावसात’ असा बदलतो, म्हणून अक्षरशः जुळणी करणाऱ्या यंत्रणेत मूळ व बदललेले अशी दोन्ही रूपे देणे इष्ट ठरते. तसेच 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे ‘कवि’ व नंतरचे ‘कवी’ ही दोन्ही रूपे वाचकांच्या लेखनात आढळतात. त्यांपैकी एकच देणाऱ्याचा लेख दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्याला दिसेलच असे नाही.