पॅच आला, तो तपासणार कोण? पोस्टग्रेसच्या चाचणीयंत्रणेमागची गोष्ट

आज कोणी पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेससाठी पॅच पाठवला आणि त्याची नोंद केली, की थोड्याच वेळात तो लिनक्स, विंडोज, मॅकओएस आणि फ्रीबीएसडी अशा चारही ठिकाणी कंपाइल झालेला असतो (म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनलेला असतो), शेकडो चाचण्यांतून गेलेला असतो, आणि कुठे अडला असेल तर लॉगसकट ते दिसतं. तोवर एकाही माणसाने तो पॅच उघडलेला नसतो. नव्याने आलेल्यांना यात विशेष काही वाटत नाही. पण प्रकल्प १९९६ पासून उघडपणे चालू आहे आणि ही सोय जेमतेम २०१७ च्या सुमारास आली. मधली वीस वर्षं काय चाललं होतं, ते कळल्याशिवाय आजची यंत्रणा अशी का आहे हे समजत नाही.

पॅच म्हणजे ठिगळ. अख्खा सदरा पाठवायचा नाही, फक्त कुठे काय उसवायचं आणि कुठे काय शिवायचं एवढंच लिहून द्यायचं. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये 'पॅच' हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि जगभर विखुरलेल्या माणसांना ईमेलवरून एकाच कोडवर काम करणं शक्य झालं. पोस्टग्रेसचा जन्म बर्कलीच्या विद्यापीठातला, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली, १९८६ च्या आसपासचा. तिथलं संशोधन थांबल्यावर अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी त्याला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, जोडलं, आणि १९९६ मध्ये काही हौशी मंडळींनी ते पुढे चालवायला घेतलं. पॅच ईमेलने यायचे, कमिट करायचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घ्यायचा, हक्क असलेल्या मोजक्या लोकांपैकी कोणीतरी ते वाचायचं, स्वतःच्या मशीनवर चालवून बघायचं आणि पटलं तर आत घ्यायचं.

चाचण्या मात्र तेव्हाही होत्या, आणि त्यांची रचना आजही जवळपास तशीच आहे. मला ती फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका फाइलमध्ये साध्या एसक्यूएल क्वेरी असतात. शेजारच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी फाइल असते, तिच्यात अपेक्षित उत्तर जसंच्या तसं, रकान्यांच्या रेघांसकट लिहून ठेवलेलं असतं. 'मेक चेक' म्हटलं की तात्पुरता डेटाबेस उभा राहतो, क्वेरी चालतात, आलेलं उत्तर आणि लिहिलेलं उत्तर 'डिफ' या फरक दाखवणाऱ्या प्रोग्रामने ताडून पाहिलं जातं. फरक आढळला तर तो एका फाइलमध्ये जमा होतो. चाचणीची वेगळी भाषा शिकायला नको, चौकट नको. ज्याला एसक्यूएल येतं त्याला चाचणी लिहिता येते.

पण उत्तर अक्षरशः जुळवायचं म्हटलं की यंत्रायंत्रांतले फरक उघडे पडतात. काही मशीन्सवर शून्याच्या जागी उणे शून्य छापलं जायचं. भूमितीच्या चाचणीत दशांशाचा शेवटचा अंक प्रोसेसर आणि कंपायलरप्रमाणे बदलायचा. क्वेरीत क्रम सांगितलेला नसेल तर ओळी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. 'रँडम' नावाच्या चाचणीबद्दल तर अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेलं असायचं की ती क्वचित नापास होऊ शकते. म्हणून काही चाचण्यांना दोन-तीन पर्यायी अपेक्षित उत्तरं जोडली गेली, आणि कुठल्या प्लॅटफॉर्मवर कुठलं उत्तर धरायचं याची एक वेगळी फाइलही आली. नापास झालेली चाचणी म्हणजे बग, की त्या मशीनची लकब? हे ओळखायला बराच काळ अनुभवी डोळाच लागायचा.

आणि ती मशीन्स होती कुणाकडे? सन, एचपी, आयबीएम, एसजीआय, प्रत्येकाचं युनिक्स निराळं. नवी आवृत्ती जवळ आली की सगळ्यांना विचारलं जायचं: तुमच्याकडे चालतंय का? ज्याने करून पाहिलं त्याचं नाव, तारीख आणि प्लॅटफॉर्म हे सगळं दस्तऐवजातल्या एका तक्त्यात हाताने भरलं जायचं. जुन्या ७.x आवृत्त्यांची पुस्तिका उघडली तर हा तक्ता अजून सापडतो. त्यात दिसतं की अमुक सिस्टिमवर कोणीतरी अमुक महिन्यात चालवून पाहिलं होतं. मधल्या काळात काय मोडलं, ते पुढच्या बीटापर्यंत, म्हणजे चाचणीसाठीच्या आवृत्तीपर्यंत, कुणाच्या लक्षात यायचं नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या कुठल्या बदलाने हे बिघडलं, हे मग शोधत बसायचं.

ही पद्धत २००४ मध्ये ताणली गेली. जानेवारी २००५ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीत पोस्टग्रेस पहिल्यांदाच थेट विंडोजवर चालणार होतं. बहुतेक कमिटर युनिक्सवाले, त्यांच्या टेबलावर विंडोजचं मशीन नसायचं. त्याच सुमारास अँड्र्यू डन्स्टन यांनी बिल्डफार्म, म्हणजे कोड बांधून तपासणाऱ्या मशीन्सचं शेत, उभं केलं. सांबा या फाइल-शेअरिंगच्या प्रकल्पाकडे असं बिल्डफार्म आधीपासून होतं. पोस्टग्रेसचं बिल्डफार्म असं चालतं: ज्याच्याकडे मशीन आहे तो एक पर्ल स्क्रिप्ट बसवतो आणि ठरावीक वेळाने ती आपोआप चालेल अशी व्यवस्था करतो. स्क्रिप्ट आधी कोडमध्ये काही बदललंय का ते बघते. नसेल तर गप्प बाहेर पडते. असेल तर कोड आणते, कंपाइल करते, चाचण्या चालवते आणि निकाल मध्यवर्ती सर्व्हरला कळवते. तिथे प्रत्येक मशीनची एक ओळ असते, पास असेल तर हिरवी.

प्रत्येक मशीनला एका प्राण्याचं नाव मिळतं, आणि मंडळी मशीनला 'प्राणी'च म्हणतात. जुने कमिटर टॉम लेन यांच्याकडे जुन्या पॉवरपीसी मॅकवर 'प्रेअरीडॉग' होता आणि एचपी-यूएक्सवर 'गौर', म्हणजे आपला गवा. 'चिपमंक' रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर चालायचा. 'स्किंक' सगळ्या चाचण्या व्हॅलग्राइंड या अवजाराखाली चालवतो, म्हणजे मेमरीचा प्रत्येक वापर तपासत तपासत, त्यामुळे त्याला फार वेळ लागतो. या जुन्यापान्या मशीन्सची कुणाला अडगळ वाटेल, पण त्यांची किंमत वेगळीच होती. जो बग इंटेलच्या चिपवर लाखात एकदा दिसेल तो या विक्षिप्त प्रोसेसरवर लगेच डोकं वर काढायचा. कमिट केल्यावर शेतीकडे बघत बसणं हा कमिटरच्या कामाचा भाग झाला. प्राणी लाल झाले तर लगेच दुरुस्ती, नाहीतर कोड मागे.

बिल्डफार्मचा आणखी एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. पोस्टग्रेसचा कोड एकाच पद्धतीने मांडलेला असावा म्हणून 'पीजीइंडेंट' हे अवजार वापरतात. सी भाषेत एखादा शब्द प्रकाराचं नाव आहे की व्हेरिएबल, हे माहीत नसेल तर या अवजाराची मांडणी चुकते. मग ही नावांची यादी कुठून आणायची? बिल्डफार्मचे प्राणी कंपाइल झालेल्या फाइलींतून ती गोळा करून देतात. पॅच वाचणाऱ्याला मोकळ्या जागा आणि टॅबवर वाद घालावा लागू नये, यासाठी एवढा खटाटोप. तो पूर्ण वसूल झाला असं मी म्हणेन.

तरी बिल्डफार्म एक गोष्ट मुळातच करू शकत नव्हतं. ते फक्त कमिट झालेला कोड तपासतं, म्हणजे गाडी स्टेशनातून सुटल्यावर. मग कमिट न झालेले पॅच त्याच मशीन्सवर का चालवू नयेत? कारण ती मशीन्स कुणाच्या घरातली, कुणाच्या ऑफिसातली. कमिटरने पाहिलेला कोड आपल्या मशीनवर चालू द्यायला मालक तयार असतो. इंटरनेटवरून कोणीही पाठवलेला, कोणीही न वाचलेला कोड आपोआप चालू द्यायला कसा तयार होईल? पॅच म्हणून काहीही येऊ शकतं. पुढची बारा-तेरा वर्षं अडवणारा खरा प्रश्न माझ्या मते हाच होता. स्क्रिप्ट लिहिणं त्या मानाने सोपं होतं.

दरम्यान माणसांची रांग वाढत होती. आलेले पण न घेतलेले पॅच प्रकल्पातले जुने सदस्य ब्रूस मॉमजियन एका मेलबॉक्समध्ये साठवून ठेवायचे, म्हणजे रांगेचा हिशेब एका माणसाच्या चिकाटीवर. ८.३ च्या वेळी तो ताण सगळ्यांना जाणवला. एप्रिल २००७ मध्ये नवे बदल थांबले, आणि आवृत्ती बाहेर पडायला ४ फेब्रुवारी २००८ उजाडला. रांगेत जे मोठे पॅच होते त्यातला एक पवन देवलसी यांचा 'हॉट', हीप-ओन्ली टपल्स. ते तेव्हा एंटरप्राइझडीबीत होते, जिचं पुण्यात मोठं ऑफिस आहे. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी तशीच राहते आणि नवी प्रत लिहिली जाते. त्यामुळे ओळीतला एक साधा आकडा बदलला तरी प्रत्येक इंडेक्समध्ये, म्हणजे ओळी पटकन शोधायच्या सूचीत, नवी नोंद व्हायची. इंडेक्सच्या रकान्याला हात लागला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल तर नवी प्रत तिथेच ठेवायची आणि इंडेक्सला त्रास द्यायचा नाही, ही हॉटची कल्पना. ऐकायला सोपी, पण ती साठवण, व्हॅक्युम (जुन्या प्रतींची सफाई) आणि इंडेक्स बांधणी या तिन्हींत हात घालते. सप्टेंबर २००७ मध्ये टॉम लेन यांनी ती आत घेतली. आज ज्या डेटाबेसवर सतत अपडेट होतात त्या प्रत्येकाला तिचा फायदा मिळतो. पण असं खोल काम वाचू शकणारी माणसं थोडी, आणि बाकीचे पॅच त्याच माणसांची वाट बघत उभे.

म्हणून मार्च २००८ मध्ये पहिला कमिटफेस्ट भरला. एक महिना नवं लिहिणं बाजूला ठेवायचं आणि आलेले पॅच वाचायचे. आधी विकीच्या पानावर यादी असायची, २००९ मध्ये रॉबर्ट हास यांनी त्यासाठी वेब ॲप्लिकेशन लिहिलं. पॅच पाठवणाऱ्याने दुसऱ्याचाही पॅच वाचावा अशी अपेक्षा रूढ झाली. नवशिक्या रिव्ह्यूअरसाठी, म्हणजे पॅच तपासणाऱ्यासाठी, पायऱ्या लिहून ठेवल्या गेल्या. पॅच सध्याच्या कोडवर नीट बसतो का, सोबत चाचण्या आणि दस्तऐवज आहेत का, ही पहिली पायरी. मग हे मुळात हवं आहे का, सांगितल्यासारखं चालतं का, वेग कसा आहे, कोड कसा आहे, बाकीच्या रचनेशी जुळतं का. ही यादी नीट वाचली तर पहिली पायरी निव्वळ यांत्रिक आहे हे लगेच दिसतं. तरी माणसं ती हाताने करत होती. एखादी व्यक्ती शनिवारची सकाळ काढून बसायची, पॅच उतरवायची, आणि तो लागूच व्हायचा नाही, कारण मधल्या तीन आठवड्यांत त्याच्याखालचा कोड सरकलेला असायचा. पॅच शिळा झालेला. 'रिबेस करा', म्हणजे ताज्या कोडवर पुन्हा बसवा, एवढं लिहून सकाळ संपायची. फुकट काम करणाऱ्याचा असा वेळ जातो तेव्हा पुढच्या शनिवारी तो येत नाही.

याच पायरीवर पोस्टग्रेसचे डेव्हलपर थॉमस मन्रो यांनी बोट ठेवलं. २०१७ च्या सुमारास त्यांनी सीएफबॉट सुरू केला. तो कमिटफेस्टच्या यादीतला प्रत्येक पॅच उचलतो, ताज्या कोडवर लावून बघतो, लागला तर गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर वेगळी शाखा करून ढकलतो. पुढचं कंपाइल आणि चाचणी तेव्हा ट्रॅव्हिस आणि ॲपव्हेयर या सेवांवर व्हायचं, पहिली लिनक्ससाठी, दुसरी विंडोजसाठी. अविश्वासाचा जुना प्रश्न इथे सुटला. पॅच कुणाच्या घरच्या मशीनवर चालत नाही, तेवढ्यापुरतं आभासी मशीन उभं राहतं आणि काम झालं की पुसलं जातं. शिवाय ही तपासणी पुन्हा पुन्हा होत राहते, त्यामुळे पॅच शिळा झाला की लेखकाला ते रिव्ह्यूअरच्या आधी दिसतं.

यंत्राची मर्यादा कुठे, ते २०१८ मध्ये दिसलं. एप्रिलमध्ये 'मर्ज' ही एसक्यूएल कमांड आत घेतली गेली. सायमन रिग्ज आणि पुन्हा पवन देवलसी यांचं काम. पार्सर (क्वेरी समजून घेणारा भाग) आणि एक्झिक्युटर (ती चालवणारा भाग) यांच्यात ती ज्या रीतीने बसवली होती त्यावर इतर अनुभवी कमिटरांनी आक्षेप घेतले, आणि त्याच महिन्यात ती मागे घेतली गेली. रचना चांगली आहे की नाही, हे सांगणारा रकाना कुठल्याही चाचणीत नसतो. नव्याने बांधलेलं मर्ज ऑक्टोबर २०२२ मध्ये पंधराव्या आवृत्तीतून आलं.

२०२१ मध्ये कमिटर अँड्रेस फ्रॉइंड यांनी सिरस सीआय या आपोआप चाचण्या चालवणाऱ्या सेवेची मांडणी थेट पोस्टग्रेसच्या कोडमध्येच घातली. मग पॅच पाठवण्याआधीच कोणीही आपल्या खात्यावर चारही प्लॅटफॉर्मची चाचणी करू शकलं. नागपुरात लॅपटॉप घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला आता मॅक किंवा विंडोज सर्व्हर नाही म्हणून अडायचं कारण उरलं नाही. मात्र ही क्षमता दुसऱ्याची, २०२३ मध्ये सिरसने फुकट वापरावर मर्यादा घातली तेव्हा ते बोचलं.

याच फ्रॉइंड यांच्याकडून मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाचं प्रकरण उघडकीला आलं. डेबियन या लिनक्स वितरणाच्या अस्थिर शाखेवर ते पोस्टग्रेसचा वेग मोजत होते, आणि एसएसएचचं (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीचं) लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय, प्रोसेसरही जास्त खातंय, हे त्यांना खटकलं. तेव्हा त्यांना आठवलं, की काही आठवड्यांपूर्वी पॅकेजं अद्ययावत केल्यावर पोस्टग्रेसच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत व्हॅलग्राइंडने एक विचित्र तक्रार नोंदवली होती. दोन्ही धागे जोडून ते एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या लायब्ररीपर्यंत पोचले. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलेलं होतं, आणि ते बसवलं होतं प्रकल्पाचा विश्वास कमावून सहदेखभालकर्ता झालेल्या एका खात्याने. २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं आणि डेबियनसकट अनेक वितरणांनी त्या आवृत्त्या तातडीने मागे घेतल्या.