सोसायटीतलं झाड छाटायचं किंवा तोडायचं असेल तर: परवानगी, कागदपत्रं आणि काही गोष्टी ज्या अर्जावर लिहिलेल्या नसतात

मे महिना लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलमोहराचा फोटो हमखास येतो. फांदी कुणाच्या तरी गाडीवर लोंबकळत असते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘पावसाच्या आधी हे झाड काढून टाका.’ मग कुणीतरी ओळखीचा माणूस आणतो आणि रविवारी सकाळी दोन तासांत काम उरकतं. विनापरवानगी केलेलं असं काम हा गुन्हा आहे. झाड आपल्या कुंपणाच्या आत असलं, आपल्या आजोबांनी लावलेलं असलं, तरीही.

शहरांतल्या झाडांना लागू होणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थ बुंध्यावर कुऱ्हाड चालवणं एवढाच नाही. झाड जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणं, हे सगळं त्यात येतं. म्हणून छाटणीलाही परवानगी लागते. मुळाशी ॲसिड ओतणं, साल गोलाकार सोलून झाड वाळवणं हेही त्यातच आलं. दंडाबरोबर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. सरकारी खात्यांनाही यातून सूट नाही, त्यांनाही अर्ज करावा लागतो. ग्रामपंचायत हद्दीत मात्र हा कायदा लागू नाही, तिथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा पाहायचा.

अर्ज कोण करू शकतं?

जागेचा मालक किंवा ती जागा ज्याच्या ताब्यात आहे तो. गृहनिर्माण संस्था असेल तर सचिव किंवा अध्यक्ष, पण कमिटीच्या ठरावासह. एकट्या सभासदाला ‘माझ्या खिडकीत अंधार येतो’ म्हणून परस्पर अर्ज करायचा असेल, तर त्याने आधी कमिटीकडे यावं. शेजारच्या प्लॉटमधलं झाड आपल्याकडे झुकलं असेल, तर अर्ज त्या मालकानेच करायचा. आपण लेखी तक्रार देऊ शकतो. रस्त्याकडेची झाडं पालिकेची असतात. त्यांच्यासाठी अर्ज करायचा नसतो, तक्रार नोंदवायची असते. मुंबईत ती १९१६ या क्रमांकावर नोंदवता येते. झाड पडलंच असेल किंवा पडायच्या बेतात असेल, तर वाट न बघता अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा आणि हात लावण्यापूर्वी फोटो काढून ठेवा.

कागद कोणते?

अर्ज जातो वृक्ष अधिकाऱ्याकडे. प्रत्यक्षात तो आपल्या विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्यात द्यायचा असतो. बऱ्याच महापालिका ऑनलाइनही घेतात. सोबत मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मालमत्ता कराची चालू पावती, संस्थेचा ठराव, झाडाचे फोटो आणि जागेचा साधा नकाशा जोडावा. नकाशात झाड कुठे आहे ते दाखवलेलं असावं. बांधकामासाठी परवानगी हवी असेल तर मंजूर नकाशा लागतोच. त्याशिवाय प्लॉटवरच्या प्रत्येक झाडाचा तक्ता द्यावा लागतो: जात, बुंध्याचा घेर, उंची, आणि ते ठेवणार, दुसरीकडे लावणार की तोडणार. शुल्क आणि अनामत रक्कम शहराशहरांत वेगळी आहे, ती खिडकीवरच विचारून घ्यावी. पोहोच घेतल्याशिवाय मात्र तिथून हलू नका.

या सगळ्यात लोक सर्वांत कमी लक्ष देतात ते ‘कारण’ या रकान्याकडे. ‘झाड धोकादायक आहे’ एवढं लिहून मोकळे होतात. मेलेलं, रोगट, वाऱ्याने उन्मळलेलं झाड, जिवाला किंवा मालमत्तेला धोका, रहदारीला अडथळा ही कारणं कायद्याला मान्य आहेत. पण यातलं नेमकं काय आणि झाडाच्या कोणत्या भागात, ते लिहा. बुंध्याशी पोकळी आहे का? खोडावर छत्रीसारखी बुरशी उगवली आहे का? मुळांजवळची माती एका बाजूने वर उचलली गेली आहे का? की फक्त एक वाळकी फांदी आहे? बहुतेक वेळा हेच शेवटचं कारण असतं आणि त्यासाठी झाड तोडायची परवानगी मागण्याची गरजच नसते. ‘पश्चिमेकडील दोन वाळक्या फांद्या काढणे’ असा नेमका अर्ज करा. पाहणीला आलेल्या माणसाचंही काम त्यामुळे सोपं होतं. पाहणीच्या दिवशी कमिटीतल्या कुणीतरी घरी थांबावं. पानं गळणं म्हणजे वाळणं नव्हे, हे त्या वेळी सांगणारं कुणीतरी लागतं. एप्रिलमध्ये निष्पर्ण दिसणारी कितीतरी झाडं जूनमध्ये हिरवीगार होतात.

झाड तोडायचं असेल, तर त्याच झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि हरकती मागवल्या जातात. मुदत थोडी असते, तेव्हा नोटीस दिसली की त्याच दिवशी तिचा फोटो काढा. हरकत कुणीही घेऊ शकतं, त्यासाठी त्या सोसायटीत राहायला लागत नाही. परवानगी मिळाल्यावरही लगेच कुऱ्हाड चालवता येत नाही, पंधरा दिवस थांबावं लागतं. दाद मागायला वेळ मिळावा म्हणून ही सवलत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईतल्या आरे कॉलनीत मेट्रो कारशेडच्या वेळी याच पंधरा दिवसांवरून वाद पेटला होता. तिथे २,१८५ झाडं तोडायची परवानगी होती आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ तोडून झाली होती.

पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर ‘हेरिटेज’ झाड ठरतं. याच दुरुस्तीने भरपाईचा हिशेबही बदलला: तोडलेल्या झाडाचं वय जेवढं, तेवढी नवी झाडं लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं जगवायची. चाळीस वर्षांच्या एका वर्षावृक्षाच्या जागी चाळीस झाडं. ती कुठे लावणार, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे अर्ज करण्याआधी ठरवा. बहावा, ताम्हण, करंज, बकुळ, कडुनिंब अशी इथलीच झाडं निवडा. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका समितीने झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरलं होतं. कमिटीच्या बैठकीत ‘एका झाडाने काय होतं’ असं कुणी म्हणालं, तर हा आकडा सांगा.

छाटणीच्या दिवशी

परवानगीचं पत्र हातात आलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. आमच्या सोसायटीत परवानगी होती ‘समतोल छाटणी’ची. ठेकेदाराच्या माणसांनी पार्किंगच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवल्या आणि दुसरी बाजू तशीच ठेवली. झाडाचा सगळा भार रस्त्याकडे गेला आणि जुलैत ते आडवं झालं. त्या दिवशी खाली उभं राहून कुणी बघत असतं, तर ते वाचलं असतं. ती चूक आमचीही होती आणि अजून मनाला लागते.

म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे उभे राहा. आधी वर घरटं आहे का ते बघा, असेल तर पिल्लं उडेपर्यंत ती फांदी राहू द्या. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे थोडा फुगवटा असतो. काप त्याच्या जरा बाहेर हवा. फुगवट्यासकट कापली तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. जड फांदीला आधी खालून छेद द्यायला सांगा, नाहीतर ती पडताना खोडाची साल ओरबाडत नेते. शेंडा कापू देऊ नका. त्यातून फुटणाऱ्या नव्या फांद्या कमकुवत असतात आणि तीन-चार पावसाळ्यांनी तुम्ही पुन्हा अर्ज घेऊन खिडकीवर उभे असता.

आणि बुंध्याभोवतीचं काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक त्याच दिवशी फोडून घ्या. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तेवढंच माप धरा. माती मोकळी करा, दिव्यांच्या माळा आणि फलकांचे खिळे काढा.