एचडीएमआय लावली म्हणजे एचडी दिसणार असं नाही

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत कोणाकडे नवा टीव्ही आला की मला बोलावणं येतं आणि प्रश्न दर वेळी तोच, अरे एचडीएमआयची वायर लावलीय तरी पिक्चर असं धूसर का दिसतंय? मागच्या महिन्यात नौपाड्याला मावशीकडे पण तेच. ५५ इंची ४के टीव्ही, सेट टॉप बॉक्सला एचडीएमआय, आणि चॅनल चालू होतं साधं एसडी, म्हणजे कमी ठिपक्यांच्या चित्राचं. फिटिंगवाला सांगून गेलेला, मावशी आता सगळं एचडीच दिसेल. असं सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण माणूस विश्वासाने लाखभर रुपये घालतो आणि मग स्वतःच्या डोळ्यांना दोष देतो.

एचडी म्हणजे चित्रात ठिपके जास्त, म्हणून ते रेखीव. पहिला आकडा एका ओळीतल्या ठिपक्यांचा, दुसरा ओळींचा: एसडी ७२० बाय ५७६, फुल एचडी १९२० बाय १०८०, ४के ३८४० बाय २१६०. ठिपके मोजले तर साधारण ४ लाख, २० लाख आणि ८३ लाख. म्हणजे एसडी चॅनल लावलं की ४के टीव्हीला ४ लाख ठिपक्यांवरून उरलेले ७९ लाख अंदाजाने भरायला लागतात, आणि मोठ्या स्क्रीनवर ते लगेच कळतं.

एचडीएमआय ही मात्र नुसती वायर आणि तिचं सॉकेट. पहिली आवृत्ती २००२ च्या डिसेंबरमधली. नावात एचडी आहे म्हणूनच सगळा घोळ. बॉक्सने ५७६ ओळी दिल्या तर ती ५७६ च नेणार, १०८० दिल्या तर १०८०, स्वतःची एक ओळ ती वाढवत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो त्यामुळे मी सगळ्यांना असंच सांगतो की पाइप दोन इंची टाकला म्हणून टँकरमधलं पाणी वाढत नाही.

उलटा प्रकारही असतो आणि त्यात दर महिन्याला पैसे जातात. ऐरोलीच्या एका मित्राकडे एचडी बॉक्स, एचडी पॅक, सगळं होतं पण मागे जुनी तीन पिनांची एव्ही केबल. त्यातल्या लाल आणि पांढऱ्या पिना आवाजाच्या, सगळं चित्र एकट्या पिवळीतून जातं, तेही उजेड आणि रंग एकात मिसळून, म्हणून लाल साडीची कड शेजारी पसरल्यासारखी दिसते. त्या पिवळीतून ५७६ च्या वर जातच नाही, पॅक कुठलाही घ्या.

आता जिथे हुशार लोकंपण फसतात ते. टीव्हीच्या रिमोटवर इन्फो दाबलं की कोपऱ्यात १०८० येतं आणि लोकं म्हणतात, बघ, एचडीच आहे! तो आकडा चॅनलचा नाही, बॉक्स टीव्हीला काय पाठवतोय त्याचा आहे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८० ठेवलं असेल तर तो एसडी चॅनलपण ताणून १०८० करून पाठवतो, टीव्ही प्रामाणिकपणे १०८० लिहितो, आणि चित्र राहतं एसडीच. तेच सेटिंग ५७६ वर अडकलेलं असेल तर एचडी चॅनलसुद्धा बॉक्समध्येच बारीक होऊन बाहेर पडतं आणि वायर बिचारी बदनाम होते. म्हणून क्रम असा धरायचा: आधी चॅनल, मग बॉक्सचं आउटपुट, मग वायर, शेवटी टीव्ही. यातलं सगळ्यात कमी जे असेल तेवढंच तुम्हाला दिसणार.

तपासायला मशीन लागत नाही. झी मराठी, स्टार प्रवाह यांचे एसडी आणि एचडी नंबर वेगळे असतात, दोन्ही पाठोपाठ लावा आणि खाली पट्टीवर येणारी अक्षरं बघा. अनुस्वार आणि वेलांट्या सुट्या, धारदार दिसल्या तर एचडी, शाई फुटल्यासारख्या दिसल्या तर एसडी. दोन्ही सारखंच दिसत असेल तर बॉक्सचं सेटिंग नाहीतर पिवळी वायर.

महागड्या सोन्याच्या मुलाम्याच्या केबलचं थोडक्यात सांगतो, सेट टॉप बॉक्सला नका घेऊ. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल असतो, केबल कमी पडली तर स्क्रीनवर ठिपके चमकतात, मधेच काळं होतं, आवाज जातो, पण रंग थोडे फिके असं कधी होत नाही. सेकंदाला ६० फ्रेम्सच्या ४के चित्राला १८ जीबीपीएसची (सेकंदाला १८ गिगाबिट डेटा नेणारी) केबल पुरते, ४८ वाली १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम्सवर, गेम खेळणाऱ्यांनी घ्यावी. नेटफ्लिक्स टीव्हीच्या आतल्याच ॲपवर बघत असाल तर त्या चित्राला एचडीएमआयची गरजच नाही, तिथे ४के साठी प्रीमियम प्लॅन आणि १५ एमबीपीएसचं नेट लागतं. आणि प्लीज, टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधला तो भडक रंगांचा व्हिव्हिड मोड बंद करा, शोरूमच्या लख्ख दिव्यांत उठून दिसायला तो ठीक आहे, घरात माणसांचे चेहरे त्यात भाजल्यासारखे दिसतात. मूव्ही मोड लावा, दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळ्यांना सवय होते.

मावशीकडे मी वायरला हातही लावला नाही. एचडी पॅक आधीपासून चालू होता, फक्त नंबर जुनेच दाबले जात होते. तिच्या पाच चॅनलचे एचडी नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहिले आणि रिमोटच्या मागे चिकटवले.