डॉपलर रक्तप्रवाह-आलेख (रोहिण्यांचे)

वाहत्या तांबड्या पेशींवरून परतणाऱ्या श्राव्यातीत (अल्ट्रासाउंड) लहरींच्या कंप्रतेत पडणाऱ्या फरकावरून रोहिणीतील (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या धमनीतील) रक्ताचा वेग व दिशा दाखविणारा आलेख. मूळ तत्त्व क्रिस्टिआन डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे ताऱ्यांच्या प्रकाशासंदर्भात मांडले. वैद्यकातील पहिल्या वापराचा मान बहुधा जपानमधील ओसाकाच्या शिगेओ सातोमुरा यांना देतात (१९५० च्या दशकाचा उत्तरार्ध). मात्र त्यांचे आरंभीचे प्रयोग हृदयाच्या हालचालींचे होते. रोहिणीविकारांच्या निदानात पद्धत रुजविण्याचे श्रेय अमेरिकेतील सिॲटलच्या संशोधक गटाकडे जाते.

विश्रांत अवस्थेत पायाच्या रोहिणीत पुढे, किंचित मागे व पुन्हा पुढे असा त्रिकल प्रवाह दिसतो. तिसरी लाट गेली की विकार, असे पूर्वी काहीजण मानीत. पण भित्ती वयानुसार ताठर झाल्यानेही ती लोपते. २०२० च्या अमेरिकी सहमतीपत्राने द्विकल व त्रिकल प्रवाह ‘बहुकल’ या एकाच वर्गात घातले, ते अधिक सयुक्तिक दिसते. एककल (उलटा प्रवाह नसलेला) आलेख म्हणजे अडथळाच, असेही नाही. कोल्हापुरात तालमीतून जोर-बैठका मारून थेट आलेल्या मल्लाच्या मांडीच्या रोहिणीत उलटा प्रवाह दिसेनासा होऊ शकतो. मधुमेह्याच्या पायात जंतुसंसर्ग असला तरी तेच. स्नायूंतील व त्वचेतील सूक्ष्म वाहिन्या रुंदावून रोध घटतो, एवढेच त्याचे कारण. अशा वेळी आलेखातील लाटेचा चढ पाहावा : तो सरळसोट असेल तर वरची वाट सहसा मोकळी, रेंगाळत चढून माथा बोथट झाला, तर वर कोठेतरी अरुंदन. मल्लाला काही वेळ पडून राहू देऊन आलेख पुन्हा घेणे उत्तम.

मानेत मेंदूकडे जाणाऱ्या आंतर ग्रीवा रोहिणीत प्रसरणकाळातही (हृदय सैल पडते तेव्हाही) प्रवाह पुढेच राहतो. चेहऱ्याकडे जाणाऱ्या बाह्य ग्रीवा रोहिणीत तो बराच कमी. दोहोंची गफलत होत असल्यास कानापुढे बोटाने टिचक्या माराव्यात. बाह्य रोहिणीच्या आलेखावर करवतीसारखे दाते उमटतात. आंतर रोहिणीत कमाल वेग सेकंदाला १२५ सेंमी. ओलांडल्यास ५० टक्के वा अधिक, २३० ओलांडल्यास ७० टक्के वा अधिक अरुंदन मानतात. हे आकडे लहरी व रक्तप्रवाह यांच्यातील कोनावर अवलंबून : ६०° ऐवजी ६५° धरला तर वेग सुमारे १८ टक्क्यांनी फुगतो.

कोल्हापूर परिसरात तपासणीस नुसते ‘पायाचा डॉपलर’ म्हणतात. सोनोग्राफी यंत्रांना गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी लागते. शिवाय २०१० च्या सुमारास जिल्हा प्रशासनाने त्यांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (तपासण्यांची चित्रे नोंदवून ठेवणारे उपकरण) बसविण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०११ मध्ये ग्राह्य धरला.