फुप्फुस पुनर्वसन : उपलब्धता

दीर्घकालीन फुप्फुसविकार असलेल्या व्यक्तींसाठी व्यायाम, आजाराविषयीचे शिक्षण आणि सवयींतील बदल यांची सांगड घालून, प्रत्येकाच्या तपासणीनुसार आखलेला उपचारक्रम. त्याचा सर्वाधिक वापर सीओपीडी या श्वासनलिकांचा मार्ग कायमचा अरुंद करणाऱ्या विकारात होतो. ब्राँकिएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साठणे), फुप्फुसांचा तंतुमयपणा, क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसांत उरलेली हानी आणि फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आधीचा व नंतरचा काळ यांतही तो उपयोगी पडतो.

हा क्रम साधारणपणे 6 ते 12 आठवडे चालतो. आठवड्यातून दोन-तीन सत्रे असतात. सुरुवातीला आणि अखेरीस सहा मिनिटांत किती अंतर चालता येते ते मोजतात. या अंतरात सुमारे 30 मीटरची वाढ झाली, तर ती रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानली जाते.

पुनर्वसनाने फुप्फुसे सुधारत नाहीत. स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकर मारून केलेल्या श्वासचाचणीचे, आकडे जवळजवळ पूर्वीइतकेच राहतात, आणि ‘मग उपयोग काय?’ ही शंका रुग्णांइतकीच काही डॉक्टरांच्याही मनात असते. फरक पडतो तो मुख्यतः पायांच्या स्नायूंत. दम लागतो म्हणून माणूस चालणे टाळतो, न चालल्याने मांड्यांचे स्नायू रोडावतात, आणि असे स्नायू थोड्या श्रमातही लवकर थकून श्वासाची मागणी वाढवतात. नियमित व्यायामाने ही मागणी घटते. शिवाय धाप लागली तरी लगेच घाबरून थांबण्याचे कारण नाही, हे देखरेखीखाली अनुभवाने कळते. सत्र गटात झाले तर आपल्यासारखेच धापणारे इतर लोकही चालताना दिसतात. भीती घालवायला ते व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडते.

परिणामकारकतेबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. कॉक्रन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. सीओपीडीविषयीच्या तिच्या 2015 च्या आढाव्यात 65 चाचण्या आणि 3,822 रुग्णांचा विचार झाला होता. पुनर्वसनाची नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही, असे ठरवून हा आढावा नंतर बंद करण्यात आला. एखादा प्रश्न सुटला म्हणून मिटवला जाणे वैद्यकात क्वचितच घडते.

तरीही उपचार पोहोचत नाही. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना 2010 पासून सीओपीडीच्या पुनर्वसनाचा खर्च ठरावीक सत्रांपर्यंत उचलते. पण 2014 मध्ये सीओपीडीमुळे रुग्णालयात राहून घरी गेलेल्या 1,97,376 लाभार्थ्यांपैकी 90 दिवसांत पुनर्वसन सुरू करणारे अवघे 1.5 टक्के होते. त्यांच्यात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण 7.3 टक्के, तर बाकीच्यांत 19.6 टक्के आढळले. मुळात धडधाकट असणारेच अशा केंद्रात जातात, हे धरूनच ही तफावत वाचायला हवी. पण हिशेबात तसे फरक वजा केल्यावरही धोका कमीच दिसला. केवळ विम्याने प्रश्न सुटत नाही, एवढे यातून स्पष्ट होते.

गळती पहिल्याच पायरीवर सुरू होते. डॉक्टर इनहेलर लिहून देतात, पण पुनर्वसनासाठी पाठवत नाहीत. जवळ असे केंद्र आहे की नाही, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसते. पाठवले तरी बरेच जण पहिल्या सत्रालाही जात नाहीत. अंतर हे त्याचे मोठे कारण, आणि त्यात मोठी विसंगतीही आहे : ज्याला जिना चढवत नाही, त्यानेच आठवड्यातून दोनदा, कधी ऑक्सिजन सिलिंडर बरोबर घेऊन, लांबचा प्रवास करायचा असतो. सोबत येणारे कोणी नसणे, बुडणारी मजुरी, नैराश्य आणि मध्येच आजार बळावणे हीही कारणे आहेत. सीओपीडीने 70 वर्षांच्या आत होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे 90 टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि केंद्रांची टंचाईही तिथेच सर्वाधिक आहे. महागड्या यंत्रांची सबब मात्र फारशी टिकत नाही. चालण्यासाठी मोकळी जागा, खुर्ची, हलकी वजने, नाडी व ऑक्सिजन मोजणारे बोटावरचे उपकरण आणि प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. कमतरता असते ती बहुधा शेवटच्या गोष्टीची.

घरी, फोनवरून किंवा व्हिडिओद्वारे देखरेख ठेवून दिले जाणारे पुनर्वसन हा यावरचा सर्वांत आश्वासक मार्ग ठरला आहे. दूरस्थ पुनर्वसनावरील 2021 च्या कॉक्रन आढाव्यात (15 अभ्यास, 1,904 व्यक्ती) परिणाम केंद्रातील कार्यक्रमासारखेच दिसले. क्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण दूरस्थ पद्धतीत 93 टक्के, तर केंद्रात 70 टक्के होते. मात्र व्यायामाचे प्रमाण ठरवणारी सुरुवातीची चाचणी शक्यतो समोरासमोर व्हावी लागते, कारण काही रुग्णांचा ऑक्सिजन चालताना अचानक खाली येतो. क्रम संपल्यावर व्यायाम सुटला, तर मिळालेला लाभ साधारण वर्षभरात ओसरू लागतो. त्यामुळे पुन्हा प्रवेश मिळण्याची सोय हाही उपलब्धतेचाच भाग आहे. बहुतेक योजनांत तिचा विचार सर्वांत शेवटी होतो.